पाळी आठ महिने नाही आणि नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर, पळणाऱ्या लेकीच्या हाडांचं काय करू?

माणदेशी_आई

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितेय, पण वाचा आणि माहिती असेल तर सांगा. माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, पाच हजार मीटर पळते. आम्ही माण तालुक्यातले, इकडे ललिता बाबरचं मोही गाव कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला ती स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पळाली तेव्हा माझी पोर तिसरी-चौथीत होती, टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, मी पण पळणार. सकाळी साडेचारला उठते, घाटाच्या रस्त्याने दहा किलोमीटर, संध्याकाळी परत ग्राउंडवर. आम्ही कधी अडवलं नाही.

आता झालं असं की आषाढात कपाट आवरताना मला पॅडचं पाकीट सापडलं, दिवाळीच्या आधी मीच आणलेलं, फोडलेलंसुद्धा नाही. मी विचारलं तर आधी बोलेचना, मग म्हणाली आई आठ महिने झाले पाळी आली नाही, ग्राउंडवरच्या मोठ्या मुली म्हणतात प्रॅक्टिस चांगली चालली की बंद होते, चांगलंच असतं, कटकट नाही. मला तर काय बोलावं सुचेना. मी आई असून आठ महिने मला पत्ता नाही.

आणि त्याच्या आधी महिनाभर उजव्या पायाची नडगी दुखत होती. आधी नुसतं पळताना, मग जिना उतरताना, मग रात्री झोपेतसुद्धा. पहिला एक्स-रे क्लिअर आला म्हणून आठ दिवस तशीच पळाली. साताऱ्याला एमआरआय केला त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, बास. पाळीचं त्यांनी विचारलं नाही आणि तेव्हा मलाच माहीत नव्हतं तर मी काय सांगणार.

वजन एक्कावन होतं ते शेहेचाळीस झालंय. सर म्हणायचे अजून दोन किलो कमी झालं तर टाइम निघेल, आणि खरंच टाइम सुधारला होता सुरुवातीला. गुरुवार करते, संकष्टी करते, नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि प्रॅक्टिस दोन्ही केलं.

माझे प्रश्न असे, पाळी आणि हाड यांचा खरंच काही संबंध आहे का की मी उगाच जोडतेय? जास्त पळून हाडं झिजतात का, म्हणजे हे पळणंच बंद करायचं का? आणि शेजारच्या वहिनी म्हणतात पाळी यायच्या गोळ्या मिळतात, एक कोर्स दिला की येते, तसं करू का?

जुनी_धावपटू

ताई, तुमचं वाचून मला माझीच डायरी कुणीतरी उघडली असं वाटलं, म्हणून रात्री अकराला लिहायला बसलेय. तुम्ही उगाच जोडत नाहीये. अगदी बरोबर जोडलंय. आणि आठ महिने कळलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका, माझ्या आईला दोन वर्षं कळलं नव्हतं, मी हॉस्टेलला होते.

मी हाफ मॅरेथॉन आणि दहा हजार पळायचे. आमच्याकडे दर सोमवारी सगळ्या मुलींना ओळीत उभं करून वजन करायचे आणि मोठ्याने वाचायचे. रविवारी रात्री कुणी जेवायचंच नाही. मी संध्याकाळच्या मेसला एक चपाती घ्यायचे, तीसुद्धा अर्धी शेजारणीला द्यायचे. पाळी एकोणिसाव्या वर्षी बंद झाली आणि खरं सांगते मला आनंद झाला होता, स्पर्धेच्या दिवशी टेन्शन नाही, आता मी खरी अ‍ॅथलीट झाले असं वाटलं. पहिलं फ्रॅक्चर पायाच्या पंज्यात, दुसरं नडगीत, तिसरं थेट खुब्यात, मांडीच्या हाडाच्या मानेला. त्या तिसऱ्याच्या वेळी मी तेवीस वर्षांची होते आणि तेव्हा पहिल्यांदा एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कधी आली होती शेवटची? मला आठवेना. त्यांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला लावला. त्यात मणक्याचा झेड स्कोअर उणे २.३ आला. म्हणजे माझ्या वयाच्या बाईचं हाड जेवढं भरलेलं असायला हवं त्यापेक्षा कितीतरी खाली. त्या म्हणाल्या तुझ्या आईचं हाड कदाचित तुझ्यापेक्षा बरं असेल. ते वाक्य अजून कानात आहे.

आज मी चौतीसची आहे, दोन मुलं आहेत, पळते पण. झेड स्कोअर आता उणे १.४ आहे. पूर्ण भरून आलं नाही आणि येणार नाही असं मला सांगितलंय. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, तुमची लेक सतराची आहे, तिचं हाड अजून भरायच्या वयात आहे, हे सतरा ते वीस हातचं घालवू नका. तिला रागावू मात्र नका हं, जवळ घेऊन सांगा.

गावचा_गडी

माझं स्पष्ट मत. मुलीच्या जातीला एवढं पळणं झेपत नाही. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची पोरींनी जास्त उड्या मारल्या, पळाल्या की गर्भपिशवी खाली सरकते. पाळी बंद झाली हा शरीराने दिलेला इशाराच आहे. शिक्षणावर लक्ष द्यायला सांगा. राग मानू नये.

फिजिओ_कोथरूड

दादा, इशारा आहे हे तुमचं बरोबर, पण कशाचा ते बघू. गर्भपिशवी पळण्याने सरकत नाही, ती अस्थिबंधांनी (लिगामेंट) आणि स्नायूंनी नीट बांधलेली असते. आणि पळण्याने हाडं झिजतात हे तर उलटंच आहे. हाड म्हणजे लाकडाचा वासा नव्हे, जिवंत आहे ते, त्यात रोज थोडं खणणं आणि थोडं भरणं चालू असतं. त्याच्यावर भार आला, धक्का बसला की ते जास्त भरतं. टेनिस खेळणाऱ्या मुलींचे दोन्ही हात स्कॅन केले तर रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा चांगलंच जाड असतं, आणि ज्या मुलींनी पाळी सुरू व्हायच्या आधीच खेळायला सुरुवात केली त्यांच्यात तो फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट दिसला. तीच बाई, तेच खाणं, तेच हार्मोन, फरक फक्त भाराचा. त्यामुळे मुलींना लहानपणी उड्या मारू न देणं म्हणजे त्यांच्या हाडांचं नुकसान. लंगडी, खोखो, दोरीवरच्या उड्या, मंगळागौरीतल्या फुगड्या आणि झिम्मा, हे सगळं हाडाला खाऊ आहे.

पण कुठला व्यायाम यावरही आहे. पोहणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मुली तासन्‌तास घाम गाळतात तरी हाडाला धक्काच नाही म्हणून त्यांची हाडं तेवढी भरत नाहीत. जिम्नॅस्ट मुली उलट, उंचावरून धाडकन खाली येतात, त्यांच्यात पाळी अनियमित असलेल्या पुष्कळ असतात तरी हाडं दणकट निघतात. लांब पल्ल्याचं पळणं मधलं आहे. धक्का बसतो पण तोच तो, त्याच दिशेने, हजारो वेळा, आणि हाडाचं असं आहे की पहिल्या काही धक्क्यांना ते लक्ष देतं, मग तेच तेच चालू राहिलं की लक्ष देईनासं होतं. थोडे, जोरदार, वेगवेगळ्या दिशांचे धक्के आणि मधे विश्रांती, हे त्याला आवडतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या लाँग डिस्टन्सच्या मुलींना मी आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला आणि थोड्या उड्या मारायला लावतो, अर्थात फ्रॅक्चर भरल्यावर.

आता मुख्य गोष्ट. हा सगळा फायदा कधी, तर शरीरात इस्ट्रोजेन (अंडाशयात बनणारं हार्मोन) असेल आणि पोटात अन्न असेल तर. इस्ट्रोजेन हाड खणणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ते गेलं की खणणं जोरात आणि भरणं मागे. १९८४ साली अमेरिकेत बार्बरा ड्रिंकवॉटर या बाईंनी पाळी बंद झालेल्या चौदा आणि पाळी नीट असलेल्या चौदा खेळाडू घेतल्या, सरासरी वय पंचविशीच्या आसपास, व्यायाम जवळपास सारखा. पाळी बंद असलेल्या मुलींच्या मणक्याची घनता एक्कावन वर्षांच्या बाईच्या पातळीला निघाली. एक्कावन! व्यायाम दोन्हीकडे होता, पाळी एकीकडेच होती. पुढे त्यातल्या काहींची पाळी परत आली तेव्हा पहिल्या वर्ष-सव्वा वर्षात घनता सहा टक्क्यांच्या वर वाढली, मग वेग मंदावला आणि त्या बाकीच्यांना गाठू शकल्या नाहीत. जुनी_धावपटू ताईंनी स्वतःचं सांगितलं ते हेच.

एक्स-रेचं पण सांगून ठेवतो. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, क्लिअर आला म्हणजे सुटलो असं नाही. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, एका पायावर उडी मारता येत नाही, रात्री दुखतं, अशी मुलगी एक्स-रे काही म्हणो, पळवू नये. तुमच्या मुलीचं फ्रॅक्चर नडगीच्या आतल्या कडेला आहे की पुढच्या बाजूला ते रिपोर्टमध्ये बघा. आतल्या कडेचं बहुतेक नीट भरतं, पुढच्या कडेचं आणि खुब्याचं हट्टी असतं, त्यात जास्त सांभाळावं लागतं.

माणदेशी_आई

फिजिओ दादा, ताई, खूप खूप आभार. रिपोर्टमध्ये आतल्या बाजूचं लिहिलंय, आत्ताच काढून बघितलं. पण माझ्या डोक्यात एक शिरत नाही, पळण्याने पाळी बंद झाली असं सगळे म्हणतात आणि तुम्ही म्हणता पळणं चांगलं. मग पाळी बंद कशाने झाली? आणि गोळ्यांचं कुणीच बोललं नाही.

गायनॅक_सोलापूर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे तपासणी तर होऊ शकत नाही पण समजावून सांगते, पुढे तुमच्या जवळच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवाच.

पाळीची सुरुवात गर्भाशयात होत नाही, मेंदूत होते. मेंदूचा एक छोटा भाग ठरावीक ठोक्यांनी संदेश सोडतो, त्यावर पुढची ग्रंथी चालते, तिच्यावर अंडाशय चालतं आणि अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं. मेंदूला जेव्हा दिसतं की घरात धान्य कमी आहे, तेव्हा तो आधी बाळंतपणाचा खर्च बंद करतो. ठोके मंदावतात, पाळी थांबते. पळण्याचा दगदग म्हणून हे होतं असं पूर्वी वाटायचं. अ‍ॅन लाउक्स या संशोधिकेने हे नीट तपासलं, काही बायकांना भरपूर व्यायाम दिला आणि त्या व्यायामाएवढं जास्तीचं खायला घातलं, तर ते ठोके बिघडले नाहीत. खाणं कमी ठेवलं तर पाच दिवसांत बिघडले. पाच दिवस फक्त. म्हणजे दोष पळण्याचा नाही ताई, पळण्याएवढं ताटात न पडण्याचा आहे. आणि हाडाला दोन्हीकडून मार बसतो, इस्ट्रोजेन कमी म्हणून हाड जास्त खणलं जातं, आणि अन्न कमी म्हणून हाड बनवायला सांगणारी बाकीची हार्मोन्सही उतरतात. तेव्हा नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने हे सुटत नाही. सिमेंट आणून ठेवलं आणि गवंड्यालाच सुट्टी दिली तर भिंत कशी उभी राहणार.

खेळाडू मुलींमधली ही तिहेरी भानगड, अपुरं अन्न, बिघडलेली पाळी, कमजोर हाड, १९९२ पासून नावानिशी ओळखली जाते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिची व्याप्ती वाढवली, कारण नुसतं हाडच नाही, हृदय, प्रतिकारशक्ती, पचन, मनाचा उत्साह सगळ्यावर परिणाम होतो, आणि पुरुष खेळाडूंमध्येही होतो. तुमची मुलगी चिडचिड करते का, सारखी थंडी वाजते का, केस गळतात का, सर्दी लवकर बरी होत नाही का, बघा.

आता गोळ्या. शेजारच्या वहिनींच्या गोळीने रक्तस्राव होईलही, काहींना तोही होणार नाही, पण ती पाळी नव्हे. गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट दिलं तरी दर महिन्याला रक्त दिसेल, सगळ्यांना वाटेल झालं बरं, आणि आत मेंदू उपाशीच. हाडांना त्याचा उपयोग होत नाही. २०१७ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की अशा मुलींना फक्त पाळी आणायला किंवा हाडं सुधारायला गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत. खाणं, वजन, विश्रांती, मनावरचा ताण यावर काम करून बराच काळ झाला आणि तरीही पाळी आली नाही तर त्वचेवर लावायचा इस्ट्रोजेनचा पॅच आणि सोबत ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन, असा पर्याय आहे, २०१९ मध्ये खेळाडूंवरच्याच एका अभ्यासात त्या पॅचने हाडांची घनता वाढली आणि गोळीने वाढली नाही. पण तो तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचा.

तपासण्या करून घ्या. आधी बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल ही हार्मोन्स, सोनोग्राफी, आणि हो, प्रेग्नन्सी टेस्ट पण, ती प्रत्येकीची करतात, त्यात मुलीवर अविश्वास नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि डी व्हिटॅमिन सांगा. एक धोका असा की पाळी अनियमित म्हटलं की हल्ली सरसकट पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा एक वेगळा विकार) लिहिलं जातं आणि लगेच सल्ला मिळतो, वजन कमी करा, भात सोडा. तुमच्या मुलीला तो सल्ला मिळाला तर आगीत तेल. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की ती रोज किती पळते आणि वजन पाच किलो उतरलंय. पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद आहे आणि फ्रॅक्चरही झालंय, त्यामुळे डेक्सा करावाच, आणि रिपोर्ट वाचताना तिच्या वयाचा झेड स्कोअर बघायला सांगा, टी स्कोअर पाळी गेलेल्या बायकांसाठी असतो.

पंधरा पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल किंवा आलेली तीन महिने सलग बंद असेल, तर खेळाडू असो नसो, दाखवावं.

नाचणीचा_लाडू

मी खेळाडूंच्या आहाराचं काम करते. डॉक्टर मॅडमनी कारण सांगितलं, मी हिशोब मांडून दाखवते कारण हिशोब दिसला की मुलींना पटतं, नुसतं भरपूर खा म्हटलं की त्या घाबरतात.

तुमची मुलगी शेहेचाळीस किलोची. त्यातली चरबी साधारण पंधरा टक्के धरली तर बाकीचं शरीर म्हणजे हाड, मांस, अवयव मिळून एकोणचाळीस किलो. दहा किलोमीटर पळायला ढोबळ मानाने किलोमागे किलोमीटरला एक कॅलरी, म्हणजे चारशे साठ. समजा ती दिवसाला पंधराशे कॅलरी खाते, अर्धी भाकरी, भाजी, थोडा भात, दोन चहा, अशा मुलींचं एवढंच भरतं बऱ्याचदा. पंधराशेतून चारशे साठ गेले, राहिले एक हजार चाळीस, ते एकोणचाळीस किलोला वाटले तर किलोला सत्तावीससुद्धा येत नाहीत. हा आकडा तिसाच्या खाली गेला की पाळीचे ठोके बिघडायला लागतात असं प्रयोगात दिसलंय, आणि नीट चालायला साधारण पंचेचाळीस लागतात. प्रत्येकीत थोडं पुढंमागं होतं, तिसाला काही रेघ मारलेली नाही, पण अंदाज येतो. पंचेचाळीसच्या हिशोबाने तिला लागतात जवळजवळ बावीसशे. रोजची सातशेची तूट ताई, आणि संध्याकाळची प्रॅक्टिस तर मी धरलीच नाहीये. उपवासाच्या दिवशी काय होत असेल बघा.

एकदम सातशे वाढवू नका, पोट फुगेल आणि ती सोडून देईल. आधी तीनशे. पहाटे उपाशी पळायला सोडू नका (सध्या पळणं बंद आहे तरी सवय आत्ताच लावा), एक केळं किंवा दोन खजूर तोंडात टाकून निघायचं. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी हवंच, आंघोळ, कॉलेजची बस या गडबडीत दहा वाजेपर्यंत पोट रिकामं राहतं, तिथेच सगळं बिघडतं. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यात एकशे सत्तर कॅलरी आहेत, गुळाबरोबर दप्तरात राहतात, खराब होत नाहीत, तुमच्याकडे तर घरचेच असतील. वरणावर तूप, भाकरीबरोबर ठेचा नुसता नको तर दही, रात्री झोपताना दूध.

कॅल्शियम या वयाला दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या वर सांगितलंय. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे मिळतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळ, चमचाभर तिळात शंभर-सव्वाशे. म्हणजे नाचणी, दूध, दही, तीळ, हिरवी भाजी रोज ताटात असली तर अर्ध्याहून जास्त काम घरातच होतं.

उपवासाबद्दल नाजूक विषय आहे पण बोलते. श्रद्धा तिची आहे, मोडा असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या काही मुलींच्या बाबतीत मी बघितलंय, उपवास हे न जेवायचं सभ्य कारण होऊन बसतं, कुणी प्रश्न विचारत नाही. तुम्ही हळूच बघा, आवडीचं पक्वान्न असलं तरी ती काही कारण काढते का, सगळ्यांबरोबर जेवायला टाळते का, आरशात पोट बघत राहते का. असं असेल तर आहाराच्या तक्त्याने भागणार नाही, समुपदेशकाकडे न्या, लाज वाटून घेऊ नका.

ग्राउंडवरचे_सर

मी तालुक्याच्या ठिकाणी अ‍ॅथलेटिक्स शिकवतो, वीस वर्षं झाली. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं कारण वर ज्या सरांचं वर्णन आहे तसं मीसुद्धा बोललोय, दोन किलो कमी कर टाइम निघेल. आम्हाला आमच्या सरांनी तेच सांगितलेलं. आणि खरंय, सुरुवातीला टाइम निघतो, महिना दोन महिने मुलगी हलकी पळते, आपल्याला वाटतं बघा जमलं. मग पुढच्या सीझनला ती मुलगी दिसत नाही. कुणी म्हणतं लग्न ठरलं, कुणी म्हणतं पाय दुखतोय. माझ्या अशा किती मुली गेल्या मला आता आठवून त्रास होतो.

मेरी केन म्हणून अमेरिकेतली मुलगी, २०१३ ला मॉस्कोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला सतराव्या वर्षी पळाली होती, आम्ही कौतुकाने तिचे व्हिडिओ बघायचो. २०१९ ला तिने जाहीर सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावात तिची पाळी तीन वर्षं गेली आणि पाच हाडं मोडली. ते ऐकलं त्या दिवशी मी ग्राउंडवरचा वजनकाटा ऑफिसात ठेवून दिला, तो तिथेच आहे.

मुली पुरुष कोचला पाळीबद्दल सांगत नाहीत, हे धरूनच चालावं लागतं. मी एक केलंय, आमच्या शाळेतल्या एका मॅडमना विनंती केली, त्यांच्याकडे एक वही आहे, प्रत्येक मुलगी महिन्याला फक्त तारीख लिहिते. मी ती वही बघत नाही. दोन तारखा सुटल्या की मॅडम आईला फोन करतात आणि मला एवढंच सांगतात, सर हिचं मायलेज कमी करा. बास. मी का विचारत नाही. तुमच्या सरांना हे वाचायला द्या ताई, ते मुद्दाम वाईट करत नसतील, त्यांना माहीत नसेल. आणि सहा आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाले तरी एकदम दहा किलोमीटरला सोडू नका. चालणं, मग एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं, दुखलं की मागे. पाळी परत येईपर्यंत मी तरी स्पर्धा लावणार नाही.

भरतीवाली_परभणी

मी पोलीस भरतीची तयारी करतेय, आठशे मीटर काढायचं म्हणून चार महिने एकवेळ जेवतेय, रूमवर चौघी राहतो, चौघींपैकी तिघींची पाळी मागेपुढे झालीय. आम्हाला वाटायचं ग्राउंडचं पाणी बदललं म्हणून. आठशे मीटर तर एवढंसं अंतर, आमचंही हाडाचं असं होऊ शकतं का?

जुनी_धावपटू

बाळा, अंतर आठशे असो नाहीतर बेचाळीस किलोमीटर, शरीर ताटाकडे बघतं. दिवसाला दोनदा ग्राउंड, गोळाफेक, अभ्यास आणि एकवेळ जेवण, हे गणित बसतच नाही. उद्यापासून दोन्ही वेळ जेव, पैशाची अडचण असेल तर शेंगदाणे, फुटाणे, गूळ, अंडी, याच्यावरही पुष्कळ निघतं. तीन महिने पाळी आली नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखव. आणि रात्री नडगी किंवा पाऊल दुखत असेल तर भरती जवळ आलीय म्हणून दाबून पळू नकोस, मी पळाले होते.

माणदेशी_आई

चार महिन्यांनी लिहितेय, मधे बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून. सगळ्या तपासण्या झाल्या, थायरॉइड वगैरे नॉर्मल, इस्ट्रोजेन कमी, डी व्हिटॅमिन खूपच कमी, फेरिटिन पण. डेक्सात मणक्याचा झेड स्कोअर उणे १.५ आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पळणाऱ्या मुलीचा उणे एकच्या खाली नको असतो, पण वय हातात आहे. गोळ्या दिल्या नाहीत, खाणं आणि आराम, सहा महिने बघू म्हणाल्या.

ती पहिल्यांदा वजन वाढलं तेव्हा रडली. काट्यावरून उतरून न्हाणीघरात जाऊन बसली. मी बाहेर उंबऱ्यावर बसले, अर्ध्या तासाने जुनी_धावपटू ताईंची पोस्ट दारातून वाचून दाखवली. तिने दार उघडून विचारलं, त्या ताई अजून पळतात का? मी म्हटलं पळतात. मग जेवली.

आता साडेतीन किलो वाढलंय. नडगी अजिबात दुखत नाही, आठवड्यातून तीनदा हळू पळते, दोनदा उड्या आणि वजनं. उपवास तिने स्वतःच सोडला नाही पण बदलला, गुरुवारी आता दूध, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची आमटी, भगर, पोटभर. सरांना धागा दाखवला, ते आधी गप्पच बसले, मग म्हणाले मला हे कुणी शिकवलंच नव्हतं. आता ग्राउंडवरच्या दोन मुलींच्या आया माझ्याकडे येऊन गेल्या.

पाळी मात्र अजून आलेली नाही. एकदा पोट दुखलं, वाटलं येणार, नाही आली. वजन वाढलं तरी अजून नाही म्हणजे काही चुकतंय का आमचं?

गायनॅक_सोलापूर

चुकत नाहीये. शरीराला ताकद दिवसांत येते, पाळीला महिने लागतात, हाडाला वर्षं. वजन परत आल्यावरही मेंदूला खात्री पटायला सहा महिने, कधी वर्ष जातं. पोट दुखलं, पांढरा चिकट स्राव दिसला, छातीत जडपणा आला तर अंडाशय हलायला लागल्याची ती चिन्हं असू शकतात. खाणं तसंच चालू ठेवा, डी व्हिटॅमिन तीन महिन्यांनी परत तपासा आणि सहा महिन्यांची ठरलेली व्हिजिट चुकवू नका. डेक्सा वर्षाच्या आत परत करायची घाई नको, हाड तेवढ्यात बदललेलं दिसत नाही.

जुनी_धावपटू

ताई, माझी वजन वाढल्यावर नवव्या महिन्यात आली होती, लोकल ट्रेनमध्ये. तिला सांगा मी अजून रोज सहा किलोमीटर पळते. आणि ते पाकीट कपाटातून काढून तिच्या ग्राउंडच्या बॅगेत ठेवा.